नागपूर उत्तर देत नव्हतं

मित्रांनो, बटणं दाबली की परगावचा माणूस कानाशी येतो, असे सुखाचे दिवस आमच्या वेळी नव्हते. मी नागपूरच्या टेलिफोन ऑफिसातला जुना ट्रंक-बोर्ड आहे. सागवानी चौकट, अंगभर भोकं आणि पुढ्यात दोऱ्यांची रांग. मला बसवलं तेव्हा हार घातला होता, पेढे वाटले होते. काय तो थाट! परगावी बोलायचं असलं की लोक कॉल नोंदवत आणि माझी ऑपरेटर शोभाताई दोरी खुपसून गावाला गाव जोडून देई. कॉल लागला की आशीर्वाद तिला, नाही लागला की शिव्या मला!

सत्तर सालच्या पुढची गोष्ट. एका सकाळी धरमपेठेतल्या दवाखान्यातून गोपिकाबाईंनी अर्जंट कॉल मागितला. त्यांचे वडील चंपतराव आजचा दिवस काढतील की नाही, अशी अवस्था होती. चंपतरावांचा मुलगा महादेवराव दूर कोळशाच्या खाणीवर. त्याने मनाजोगं लग्न केलं म्हणून म्हाताऱ्याने अबोला धरलेला. आज मात्र ते हट्टाने फोनजवळच्या खुर्चीत येऊन बसले होते.

खाणीचा कॉल मधल्या एका गावच्या एक्स्चेंजमधून जाई. तिथला ऑपरेटर म्हणाला, "थांबा, पुढं लावून राहिलो." मग सगळं गप्प. वाट पाहून शोभाताईने दोरी काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"पोरी, काहून लागत नाही वं?" चंपतराव धापा टाकत विचारत. "मले पोराशी बोलाचं हाय."

"लावून राहिली ना बाबा," ती म्हणे.

शेवटी तिने मेकॅनिक नत्थूजींना हाक मारली. त्यांनी दोरी पाहिली, भोक पाहिलं, लाइन तपासली. मधल्या गावापर्यंत सगळं ठीक! अडलं होतं त्याच्या पुढे. पण तिथे आमचा हात कुठे पोचणार? नुसतं बसवेना, म्हणून नत्थूजी म्हणाले, "एकदा बोर्डच उघडून पाहू." अरे देवा, मी ठणठणीत होतो हो! पण अंगभर भोकं असूनही मला बोलता येत नाही. दुपारभर मला बंद ठेवून माझ्या दोऱ्या काढून पुसत बसले.

संध्याकाळी मला जोडलं आणि कॉल पहिल्या झटक्यात लागला.

"गोपे, तू वं?" महादेवरावाचा आवाज आनंदाने फुटत होता. "इकडची लाइन दुपारीच सुरू झाली, तवापासून रिसीव्हर धरून बसून राहिलो. मधलावाला म्हणे, नागपूर उत्तरच देऊन नाही राहिलं. त्यानंच सांगितलं, बाबाले माह्याशी बोलाचं हाय. दे त्यायले!"

गोपिकाबाईंनी रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला.

"दे ना वं!"

"दादा... बाबा गेले रे. फोनवर हात ठेवूनच गेले."

मग दोन्ही बाजूंनी नुसतं रडणं. कॉलची ठरलेली मिनिटं संपली तरी शोभाताईने दोरी काढली नाही.

पुढे नवी यंत्रं आली आणि मला गोदामात ढकललं. त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, काही अडलं तर आधी नीट पाहा, अडलंय कुठे. हाताशी आहे म्हणून चांगलं चालणारं उघडून बसू नका. आणि घरच्या कुणाशी अबोला धरला असेल, तर आजच बोला. मी कितीही जोडून दिलं, तरी पलीकडे माणूस असावा लागतो.