खळ्यावरचं रॉकेट

मी रॉकेट आहे म्हटल्यावर तुम्ही कानांवर हात ठेवाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्यात आवाज करणारं काहीही नाही. इंजिन नाही, इंधन नाही. आत बसायला जागा आहे, पण दार उघडत नाही. मी बावीस फूट उंच, पत्र्याचा, आणि गेली पंधरा वर्षं कोपरच्या खाडीकाठी एका जागी उभा आहे. निघालो होतो चंद्रावर जायला. कोपरपर्यंत पोचलो.

माझा जन्म कळव्याचा. तिथे जगन नावाचा एक फॅब्रिकेटर खिडक्यांच्या ग्रिल आणि जिन्याचे कठडे बनवायचा. १९८४ साली आपला एक माणूस दुसऱ्या देशाच्या यानातून अंतराळात जाऊन आला आणि सगळ्या देशालाच वर बघायची सवय लागली. त्याच दिवाळीत आबांची माणसं जगनकडे आली. निवडणूक तोंडावर होती आणि आबांना चार दिवसांत रॉकेट हवं होतं. जगनने जन्मात रॉकेट पाहिलं नव्हतं. फटाक्याच्या खोक्यावरचं चित्र समोर ठेवून त्याने मला वळवलं. पंख चार व्हायचे होते, पण पत्रा संपला म्हणून तीनच झाले. पुढे एका शिकलेल्या माणसाने सांगितलं की तीन पंखांची रॉकेटंही असतात, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

रंग वाळल्यावर जगनने माझ्या पोटावर थाप मारली. "बाबा, जास्त वर नको जाऊस," तो म्हणाला. "वेल्डिंग कच्चं आहे."

आबा म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. माणूस मनाने वाईट नव्हता, फक्त समोर माईक आला की त्यांना आवरता यायचं नाही. दहा वर्षांत ठाणे जिल्ह्यातला माणूस चंद्रावर उतरेल, त्याला घडवणारं केंद्र कोपरला होईल आणि त्यासाठी निधी कमी पडू देणार नाही, असं ते मला ट्रकवर उभं करून गावोगाव सांगत फिरले. निधी हा शब्द मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकला की मला वाटायला लागलं, निधी नावाचा आबांचा कुणी पाहुणा आहे आणि तो आज-उद्या येणारच आहे. विठ्ठलवाडीच्या सभेत एका बाईने नळाला पाणी कधी येणार असं विचारलं. आधी चंद्रावर पाणी आहे का ते बघू, मग नळाचं बघू, असं आबा म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, हात असते तर. खोटं कशाला बोलू, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. मला खरंच जायचं होतं.

भूमिपूजन कोपरला ठरलं. जागा म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्याचं खळं. खळं म्हणजे मासळी सुकवायचं अंगण. सोळा घरांतल्या बायका तिथे जवळा आणि कोलंबी वाळत घालायच्या. आजेसासूच्याही आधीपासून घालत आल्या होत्या, पण कागद कुणाकडेच नव्हता. सरकारी नकाशात त्या ठिकाणी काहीच लिहिलेलं नव्हतं. खळ्यावर शब्द चालायचा तो मनुबाईचा. ती तेव्हा पंचावन्नची असेल. उंची बेताची, आवाज खाडीपलीकडे जाणारा. आबांच्या माणसांनी तिला सांगितलं, एक दिवस जवळा उचला, साहेबांना वास सहन होत नाही. तिने उचलला.

कार्यक्रम थाटात झाला. शाळेतली पोरं कागदी झेंडे घेऊन आली होती. आबांनी नाकाला रुमाल लावून कुदळ मारली आणि त्याच भरात नकाशावर त्या जागेला शिक्का मारून घेतला: मानवी अंतराळ उड्डाण केंद्रासाठी राखीव. मला ट्रकवरून उतरवून मधोमध उभं केलं होतं, फोटोपुरतं.

आणि इथेच घोळ झाला. भाषणं आटोपल्यावर मनुबाई पूजेचं ताट घेऊन माझ्याकडे आली. तिचा हिशेब सरळ होता. माणसं आत बसून घरापासून लांब जाणार म्हणजे ती होडीच, मग ती पाण्यावर जावो नाहीतर आभाळात. नव्या होडीची पूजा करतात तशी तिने माझी केली. कुंकू होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला लावतात. माझं टोक बावीस फुटांवर, म्हणून तिने ते पंखाला लावलं. नारळ फोडला, हार घातला, आणि माझ्यातून जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी डोळे मिटून काहीतरी मागितलं. माझ्यासाठी तेवढं मनापासून तोवर कुणी काही केलं नव्हतं.

संध्याकाळी आबांची माणसं मला पुढच्या सभेला न्यायला आली, तर सोळा बायका माझ्याभोवती उभ्या. कोळीवाड्याचा नियम होता: पूजलेली होडी पाण्यात उतरेपर्यंत जागेवरून हलवायची नाही. हलवली तर घरचा माणूस पाण्यावरून परत येत नाही. मनुबाईचा नवरा धाकू त्या वेळी खाडीतच होता. कार्यकर्त्यांनी नाना परीने समजावलं, हा नुसता पत्रा आहे, देखावा आहे. मनुबाईने विचारलं, मग सकाळी साहेब बोलले ते काय होतं? कार्यकर्ते आणलेल्या दोऱ्या गुंडाळू लागले. निवडणुकीच्या तोंडावर सोळा घरांची मतं कोण घालवणार? ट्रक रिकामा गेला. धाकू तासाभराने आला आणि खळ्यावर रॉकेट बघून आधी हातातली बाटली तपासू लागला.

आबा निवडून आले. केंद्र आलं नाही. दोन वर्षं मी रोज रस्त्याकडे डोळे लावून होतो, की इंजिन येईल, निदान दार उघडणारा तरी कुणी येईल. आल्या त्या मांजरी. बायकांनी माझ्या पंखांना दोऱ्या बांधून त्यांवर जाळी वाळत घातली. मला अपमान वाटायचा. ज्याने अंतराळाचा वास घ्यायचा त्याच्या अंगाला सुकटीचा वास लागला आणि तो आजतागायत गेलेला नाही.

नव्वद साल उजाडलं तेव्हा डोंबिवलीच्या चारमजली इमारती सरकत सरकत आमच्या बांधापर्यंत आल्या होत्या. एक दिवस आबांचे जावई मोजणीची टेप घेऊन खळ्यावर आले. ते बिल्डर होते. त्यांनी बायकांना समजावलं की केंद्र-बिंद्र काही होत नाही, नकाशावरचा शिक्का तेवढा काढून घेऊ, इथे छान सोसायटी होईल आणि तुम्हाला खालच्या मजल्यावर एक गाळा देऊ. सोळा घरांत एक गाळा. खळं गेलं की त्या घरांची पावसाळ्यातली भाकरी गेली, हे सांगायला कुणी शिकलेलं लागत नव्हतं.

शेवंती, म्हणजे मनुबाईची सून, त्या दिवशी माझ्या पायाशी बसून रडली. मनुबाई रडली नाही. चार दिवसांनी आबांची प्रचारसभा होती. ती सोळा जणींना घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. भाषण रंगात आलं तशी उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, आमचा माणूस चंद्रावर कवा जाणार? होडी पूजून सहा वर्षं झाली."

आबांचे जावई मंचावर मान हलवून नको नको करत होते. पण आबांसमोर माईक होता. शिवाय त्यांच्याविरुद्ध उभे असलेले तानाजीराव आदल्याच दिवशी मंगळाचं वचन देऊन बसले होते. आबांनी छाती फुगवली आणि चंद्र अधिक मंगळ असं दोन्ही जाहीर केलं. मागून कुणीतरी विचारलं, माणसाला परत आणणार का? तोपर्यंत ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आबांनी येण्याचा खर्चही त्याच निधीत बसवला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं आणि नकाशावरचा शिक्का जिथल्या तिथे राहिला.

घरी आल्यावर शेवंती गोंधळली होती. तिला वाटलं, सासूला खरंच केंद्र हवंय. तेव्हा मनुबाई जे बोलली ते मी स्वतः ऐकलं. "त्यानं बांधलं तरी आपलं खळं गेलं, आणि नाय बांधत बोलला तरी गेलं. त्याला बांधीन बांधीन बोलू दे. तोपर्यंत जवला सुकव."

मी सुन्न झालो. इतकी वर्षं मी समजत होतो की निदान ही बाई तरी मला वर पाठवायला झटते आहे. महिनाभर मी रुसून होतो, पण रॉकेट रुसलंय हे कळणार कुणाला?

तेव्हापासून दर निवडणुकीला मनुबाई सभेत उभी राहायची. पक्ष कुठलाही असो, उमेदवार कोणीही असो, प्रश्न तोच. उत्तर दर वेळी आणखी लांबच्या ग्रहावर जायचं. पंचाण्णवला एकाने शनीपर्यंत मजल मारली. बायका टाळ्या वाजवून घरी यायच्या आणि खळं झाडून घ्यायच्या. देशाने अंतराळ संशोधनात काय केलं ते मला ठाऊक नाही, पण आमच्या सोळा घरांना त्याने खूप काही दिलं.

मग सत्त्याण्णवमध्ये खरं संकट आलं. प्रामाणिक माणूस आला.

तिचं नाव कांता. पालिकेत नवीन लागलेली इंजिनीअर, डोंबिवलीचीच. जुन्या फायली चाळताना तिला आमची मागणी सापडली, दर निवडणुकीला केलेली, पेपरच्या कात्रणांसकट. तेरा वर्षं कोळणी विज्ञानासाठी भांडतायत हे वाचून पोरीला भरून आलं. तिने सहा महिने टेबलं पालथी घातली आणि पैसे मंजूर करून आणले. चंद्राचे नाहीत, पण घुमट असलेली दोन मजली इमारत, वर दुर्बीण, खाली वर्ग. नकाशाची गुंडाळी काखेत मारून ती धावतच खळ्यावर आली. पेढेही आणले होते.

मनुबाईने पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. आबांशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं. खरं बोलणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, याची सवय मोडली होती. शेवटी तिने सगळं सांगितलं.

कांताचा चेहरा उतरला. "मावशी, नको होतं तर इतकी वर्षं मागत का होतात?"

"मागत होतो म्हणून तर मिलत नव्हतं, बाय."

कांता मासळीच्या पालथ्या पाटीवर बसली. मग म्हणाली की भूमिपूजनाला झेंडे घेऊन आलेल्या पोरांत तीही होती. आबांचं भाषण तिने खरं मानलं. घरी जाऊन वडिलांना सांगितलं की मला ते यान चालवायचंय, आणि तेव्हापासून गणित सोडलं नाही. मला एकदम गहिवरून आलं. माझ्याइतकं वेडं जगात आणखी कुणीतरी होतं तर. त्या क्षणी मला वाटलं, मनुबाईने हो म्हणावं, उठू दे तो घुमट. मला त्याची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

मनुबाई तिच्याजवळ बसली. "तुझा चंद्र खरा हाय. पर आमचा जवला पन खराच हाय ना?"

फायलीत खोटं लिहिणार नाही, असं कांताने उठताना सांगितलं, आणि बायकांनी आशा सोडली. तिने खोटं लिहिलंही नाही. आठवड्याने शेवंतीला बोलावून तिने जे लिहिलं ते वाचून दाखवलं: नियोजित जागेवर विधिपूर्वक पूजलेलं यान उभं आहे; स्थानिक प्रथेनुसार ते उड्डाणाखेरीज हलवता येत नाही; तरी उड्डाणाची परवानगी व तारीख कळवावी, तोपर्यंत जागा आहे तशी ठेवावी. कागद वर गेला. तिथून आणखी वर गेला. इतका वर आमच्यातलं दुसरं काही गेलेलं नाही. उत्तर अजून यायचंय.

दुर्बीण वाया गेली नाही. कांताने ती डोंबिवलीच्या एका शाळेच्या गच्चीवर बसवून घेतली. महिन्यातून एकदा ती खळ्यावर येते, सुकवलेल्या कोलंबीचे सोडे घेऊन जाते आणि जाताना माझ्या पंखावर हात ठेवते.

आता माझं वय झालं. खारा वारा पत्र्याला खातो. मी कोसळलो तर तो कागदही खोटा पडेल, हे बायका जाणून आहेत, म्हणून होड्यांबरोबर दरवर्षी मलाही डांबर फासतात. चंदेरी रॉकेट होतो, आता काळाकुट्ट आहे. आबाही थकलेत, पण परवा येऊन वचन देऊन गेले. जावई अजून टेप बाळगून आहेत.

म्हणून एक विनंती. वरच्या कुठल्याशा कचेरीत तुमचं कुणी ओळखीचं असेल आणि तो कागद त्यांच्या टेबलावर असेल, तर त्यांना म्हणावं, परवानगी देऊ नका. नाहीही म्हणू नका. नुसता ठेवून द्या. कधीकाळी मला फार जायचं होतं. पण मनुबाई सत्तरीची झाली आहे, दुपारचं ऊन तिला सोसत नाही आणि खळं सोडून घरी जाऊन बसायला ती तयार नाही. साऱ्या खळ्यात सावली पडते ती एकट्या माझीच.