ज्ञानूचे सरकारी मासे

पासली गावात कुंडलिकच्या तळ्यात सरकारी मासे पडले आणि त्याच्या थोरल्या भावाच्या, ज्ञानूच्या, पोटात दुखायला लागलं. दुखणं तसं जुनंच. वाटणीत वरची खाचरं कुंडलिकला गेली, झरा कुंडलिकला गेला, ते सगळं ज्ञानूनं मुकाट गिळलं. पण आई, अक्काबाई, आपली वळकटी काखेत मारून कुंडलिकच्या दारात जाऊन बसली, ते काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. "धाकटा हाय, त्याचं कोन बगंल?" असं ती म्हणाली होती. धाकटा तेव्हा दोन पोरांचा बाप होता.

ही गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. कुंडलिकनं झऱ्याचं पाणी अडवून तळं केलं, कुठल्याशा साहेबाला गाठून माशांचं बी मिळवलं आणि ओली पोती गुंडाळलेले डबे घेऊन तो भोरहून एसटीनं आला. सगळा गाव बघायला लोटला. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी इरलं घेऊन तळ्याच्या बांधावर बसायला लागली. बगळा उतरला की काठी आपटायची, खंड्या दिसला की शिव्या घालायची. ज्ञानू खालच्या खाचरात बेणणी करता करता, तण उपटता उपटता सारखा तिकडे बघायचा. आपल्या कुठल्या वस्तूची हिनं अशी राखण केल्याचं त्याला काही केल्या आठवेना.

मग त्यानंही घराच्या मागं तळं खणलं. तळं कसलं, चार म्हशी दाटीवाटीनं बसतील एवढं डबकं. पण खणताना त्याचा उत्साह बघण्यासारखा होता. म्हातारीला मासे भारी आवडत. आपल्या दारात मासे झाले तर कधीतरी तिची पावलं इकडे वळतील, आणि एकदा वळली की कदाचित वळकटीही मागून येईल, असा त्याचा हिशेब.

"बी कुठनं आननार?" बायकोनं, भामाबाईनं, विचारलं. "भाऊजींना सांगा की. साहेब वळकीचा हाय त्यांच्या."

"त्याच्या मागं पिशवी धरून हुबा ऱ्हाऊ व्हय?"

ते त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. कुंडलिककडे मागण्यापेक्षा चोरणं त्याला सोपं वाटलं. बाजाराच्या दिवशी कुंडलिक आणि म्हातारी वेल्ह्याला गेलेली बघून तो भर दुपारी कळशी घेऊन तळ्यावर गेला. खोल पाण्यातलं काही हाती लागेना. काठाशी मात्र गवतातून वळवळणारा काळाकुट्ट थवा होता. कळशी नुसती तिरकी केली तर आपणहून आत शिरला. सरकारी माल गुणाचा असतो, असं म्हणत ज्ञानू घरी आला.

भामाबाईनं कळशीत डोकावून बघितलं. "अवं, ही बेडूकमासं हायती."

"तुला काय कळतंय? सरकारी बी हाय ते. भोरच्या एकानं दिलं."

खरं तर ज्ञानूनं जन्मभर खाचरातल्या चिखलात बेडूकमासेच बघितले होते. दुसऱ्या कुणी आणले असते तर त्यानं लांबूनच ओळखले असते. पण हे आले होते कुंडलिकच्या तळ्यातून, आणि कुंडलिककडे वाईट काही असतं यावर त्याचा विश्वासच नव्हता. तळ्याच्या काठच्या गवताला महिन्यापूर्वी काळ्या मण्यांच्या माळा गुंडाळाव्यात तशी अंडी त्यानं स्वतः पाहिली होती. अंगणात किडे टिपत बसणारा तो खरबरीत पाठीचा भेक अशीच अंडी घालतो, हेही त्याला ठाऊक होतं. हेवा माणसाला काय काय विसरायला लावतो, बघा.

तो त्यांना कोंडा घालायचा, पेंड घालायचा. जनावरं टपोरी झाली. कुंडलिकचे मासे खोल पाण्यात, कुणाला दिसायचे नाहीत. ज्ञानूचे काठावर गर्दी करायचे. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा. लोक बघायचे, एकमेकांकडे बघायचे आणि तंबाखू मळत पुढं जायचे. वाटेत म्हातारी भेटली की तो म्हणायचा, "आये, एकदा बगाया ये की आमचं तळं."

"यीन की," ती म्हणायची, आणि बांधावर जाऊन बसायची.

एके सकाळी शेपटीच्या बुडाशी दोन काड्या फुटलेल्या त्याला दिसल्या. माशाचे पर फुटत असतील, असं त्यानं मनाला समजावलं. काड्यांचे पाय झाले, गुडघ्यात वाकायला लागले. मग पुढचे दोन आले. तोंड रुंदावलं, शेपटी दिवसागणिक आखडत गेली, आणि पेंडीला कुणी तोंड लावेना. पाण्यात जन्मलेली ती जनावरं हवेसाठी काठाच्या दगडांवर चढून बसायला लागली. आता नजर चुकवायला जागा उरली नव्हती.

ज्ञानू काठावर मटकन बसला. वाईट वाटलं, लाज वाटली. आणि मग एकदम त्याच्या मनात लख्ख उजेड पडला. आपले जर भेक, तर कुंडलिकचेही भेकच! साहेबानं त्याला फसवलं! गाव जमवून, डबे मिरवत आणलं, ते हे! ज्ञानूला इतका आनंद झाला की स्वतःच्या फजितीचं काही वाटेनासं झालं. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला. भामाबाईला वाटलं, ह्यांना काहीतरी झालं.

तो वाट बघायला लागला. कुंडलिकच्या तळ्यातून पाय फुटलेली फौज बाहेर पडेल, म्हातारी काठी टाकून उठेल, आणि सगळा गाव तिकडे बघून हसेल.

भुरभुर पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी फौज बाहेर पडली, पण ज्ञानूच्या डबक्यातून. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, काळी, बिनशेपटीची पिल्लं अंगणभर टुणटुण उडत होती. पाऊल टाकायला जागा नव्हती. भामाबाई केरसुणी घेऊन उंबऱ्यावर उभी होती. आणि नेमकी त्याच वेळी अक्काबाई आली, डोक्यावर कळशी घेऊन.

"आये, कुंडलिकच्यातली पन निघाली का?" ज्ञानूनं आधी तेच विचारलं.

म्हातारीनं कळशी खाली ठेवली. पाण्यात चांदीसारखे बोटभर मासे गिरक्या घेत होते.

"कुंडलिकनं दिल्यात. दादानं येवढं तळं खनलंय, त्यात सोड म्हनला."

ज्ञानूच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटा नुसता वरचढ नव्हता, वर मनानंही मोठा होता. याहून वाईट काय असणार?

"म्या त्याच्याच तळ्यातनं आनली व्हती," तो पुटपुटला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"ठावं हाय मला. बाजाराच्या दिशी पाय दुकाया लागला म्हनून निम्म्यातनंच परतले. बांधाच्या आडनं बगत व्हते तुला."

"मग हाक का न्हाई मारलीस?" ज्ञानूचा आवाज चढला. "म्हैनाभर म्या येड्यावानी पेंड चारली. गाव हसला. तू येका शब्दानं बोलली न्हाईस?"

म्हातारीला त्याच्या रागाचं नवल वाटलं. तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, "बेडूकमासं तर नेत व्हतास. मासं नेलं असतंस तर मारली असती हाक."

ज्ञानूनं कळशीत वाकून बघितलं. आजवर त्याला बऱ्याच माणसांचा हेवा वाटला होता. माशांचा पहिल्यांदाच वाटला.