डाव्या चाकातला आतला पॅड

मित्रांनो, बारामतीच्या एका गॅरेजमागे पत्र्याचा एक डबा आहे. त्यात गंजक्या नटबोल्टांखाली दबून पडलेला मी एक जुना ब्रेक पॅड आहे. फार थकलो आहे, म्हणून जमेल तेवढेच सांगतो.

तुम्ही मोटारीत बसता तेव्हा तुम्हाला चाक दिसते, मी दिसत नाही. चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. आतल्या बाजूचा मी, बाहेरच्या बाजूचा माझा भाऊ. पिंपरीकडच्या कारखान्यात आम्हाला एकाच साच्यात दाबले, एकाच भट्टीत भाजले. जाडीलाही आम्ही अगदी सारखे होतो.

१९९५ साली आम्ही कळंबच्या माऊलींच्या पांढऱ्या मोटारीत, पुढच्या डाव्या चाकात बसलो. माऊलींचे बारामतीत खतांचे दुकान होते. मोटार चालवायला बिरू होता. घरची मेंढरे विकून तो गाडी चालवायला शिकला होता. परतायला दुसरा धंदा त्याने ठेवलाच नव्हता.

रोज कळंब ते बारामती आणि परत. उसाच्या दिवसांत तर जीव नकोसा व्हायचा. वळण घेतले की पुढे उसाची गाडी, ती मागे टाकली की ट्रॅक्टर, त्याच्या मागे चिखल. पण एकदा भिगवणजवळ मासळीचा टेम्पो अचानक आडवा आला आणि आम्ही मोटार वीतभर अलीकडे रोखून धरली. माऊलींनी बिरूची पाठ थोपटली. आम्हाला कोण शाबासकी देणार? तरी त्या दिवशी मी खूश होतो.

मग आमच्या भागात भादव्यात होणारा पोळा आला. माऊलींचे वडील सर्जेराव, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांची बैलजोडी त्याच वर्षी विकली गेली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलाने मळायची आपल्याकडे रीत. आबा हळद घातलेल्या तेलाची वाटी घेऊन रिकाम्या गोठ्यात बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी मोटारीकडे आले. डावे चाक पंक्चर काढायला गेले होते, त्यामुळे आम्ही उघडेच होतो.

"दिसभर वढतीस बाई, तुझं बी खांदं दुखत असतील," असे म्हणत ते खाली बसले. आम्हा दोघांना धरणारी एक लोखंडी पकड असते. गॅरेजवाले तिला कॅलिपर म्हणतात. ती दोन पिनांवर सरकते, तेव्हाच बाहेरच्या पॅडला दाब मिळतो. आबांनी पिनांवरची रबरे बोटाने उचलली आणि आत करडईचे तेल सोडले. किती मायेने सोडले! मला ओरडून सांगायचे होते, आबा, तिथे नको. पण मला तोंड कुठे होते?

ब्रेक तापतात. तापून तापून करडईचे तेल घट्ट झाले, डिंक झाले. पिना अडकल्या आणि कॅलिपर सरकेनासा झाला. भाऊ जागच्या जागी आरामात, आणि दोघांचे काम माझ्या एकट्याच्या अंगावर. मी झिजत गेलो. तापायचो, कण्हायचो. लोकांना ते करकर ऐकू यायचे. ब्रेक दाबला की मोटार एका अंगाला ओढायची.

माऊली तापट होते. त्यांनी बिरूला अंगणात सगळ्यांदेखत झापले.

"ब्रेकवर पाय ठिवून चालवतोस! वरसाच्या आत पॅड खाल्लं. गॅरेजपतूर गाडी ने आन चावी माझ्या हातात दे. उद्यापासनं येऊ नगंस."

"दादा, म्या पाय ठेवत न्हाय ओ," बिरू म्हणाला. त्याचे ऐकायला कुणी थांबले नाही. माऊली स्वतः गाडीत बसले. आबांना डोळे तपासायला बारामतीला जायचे होते, म्हणून तेही सोबत निघाले. गॅरेजपाशी उतरताच बिरूने चावी माऊलींच्या हातात ठेवली.

गॅरेज रवींद्रचे. त्याने चाक उतरवले आणि आम्हा दोघा भावांना तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. भाऊ जाडजूड, मी भाकरीच्या पापुद्र्याएवढा. मग त्याने उजवे चाकही उघडले. तिथले दोघे सारखे झिजलेले होते.

"पाय ठेवला असता तर चारी पॅड गेलं असतं," तो म्हणाला. "हितं एकच गेलाय. ह्यात ड्रायव्हरचा काय संबंध?"

त्याने कॅलिपर हाताने ढकलून पाहिला. हलला नाही. पिन हिसके देऊन उपसली तर तिच्यावर पिवळा चिकटा. त्याने वास घेतला.

"हळद? हितं हळद-तेल कुणी घातलं?"

बाकावर बसलेले आबा उठले.

"म्या घातलं. बैलं गेली, पोळ्याला हाताला काय कामच उरलं न्हाय. म्हणून... बिरू, लेकरा, माझ्यापायी तुझी भाकर जात हुती."

रवींद्रने पिना पॉलिशपेपरने घासल्या, नवी रबरे चढवली, ब्रेकचे खास ग्रीस लावले आणि चारही पॅड नवे बसवले. कॅलिपर आता बोटाने सरकत होता. माऊलींनी चावी पुढे केली. बिरूने ती लगेच घेतली नाही.

"चुकलं माझं," माऊली म्हणाले, तेव्हा त्याने घेतली आणि आबांसाठी पुढचे दार उघडले.

आम्हाला डब्यात टाकले. भाऊ माझ्या शेजारीच आहे, अजून जवळजवळ नवा. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यापर्यंत काम पोहोचलेच नव्हते.

मित्रांनो, यंत्रावर माया करा, पण तेल कुठे घालायचे ते जाणकाराला विचारून घाला. आणि घरात, वर्गात कुणी लवकर थकलेला दिसला, तर बोल लावण्याआधी दुसऱ्याचे ओझे त्याच्यावर पडले आहे का, ते बघा. मला तोंड नव्हते. बिरूला होते, तरी त्याचे कुणी ऐकले नाही.