मशीनची शिंक

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण बिस्किटांच्या एका कारखान्यात एका माणसाला एकतीस वर्षं निव्वळ वास घेण्याचा पगार मिळत होता. भट्टीच्या दाराशी उभं राहायचं, नाक वर करायचं आणि म्हणायचं, "काढा." की ट्रे बाहेर. अर्धं मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. सगळे त्याला नाकोबा म्हणत. खरं नाव कोणी विचारलंच, तर त्यालाही ते जरा आठवून सांगावं लागे.

मग कारखान्यात वास घेणारं मशीन आलं. तीन आठवडे घरात एकच विषय, नाकोबाला ठेवतात की घरी बसवतात. मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा बायको आणि मुलगी दाराकडे तोंड करूनच बसल्या होत्या. काय सांगायचं ते त्याने जिना चढताचढता जुळवून ठेवलं होतं.

"काही विचारू नका," चपला काढत तो म्हणाला. "मशीनला सर्दी झाली."

"मशीनला?" मुलगी म्हणाली.

"नाक आहे म्हटल्यावर सर्दी नको व्हायला? पिठाच्या धुळीत टिकायला नाक मुरलेलं लागतं. दहा वाजता पहिली शिंक. चाळीस ट्रे थेट छताला. साहेब नेमके खाली उभे, डोक्यावर क्रीमची बिस्किटं टपाटप."

"बाबा, क्रीम भट्टीनंतर भरतात. तुम्हीच सांगितलंय."

"शिंकच तेवढी दांडगी होती. क्रीमच्या खोलीतून फिरून आली."

बायकोने रोजच्यासारखा हात पुढे केला आणि त्याने शर्ट उतरवून दिला. धुवायला टाकण्याआधी ती खिसे चाचपायची. आज खिसे चाचपून झाले तरी ती शर्ट हातात घेऊन तिथेच उभी राहिली. नाकोबाने आवाज जरा चढवला.

"साहेब धावत माझ्याकडे. म्हणाले, नाकोबा, सांभाळून घ्या. मी म्हटलं, आधी त्याला वाफ द्या. दिली. तर गडी मला सोडायलाच तयार नाही. मी चहाला निघालो की त्याचा लाल दिवा लुकलुकतो, रडवेला. शेवटी त्याच्या कानात सांगितलं, बाबा रे, उद्या येतो."

"कानपण आहेत त्याला?"

"मग? चष्मा कशावर अडकवणार?"

मुलगी हसून लोळायचीच बाकी राहिली. नाकोबाला धीर आला. हे असंच जेवणापर्यंत ताणलं की आजचा दिवस निभला. उद्याचं उद्या बघू.

"तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, नाकोबा आहेत तोवर भट्टीपाशी दुसरं कोणी..."

बायकोने शर्ट नाकाशी धरला होता. लग्नापासून त्या शर्टांना भाजलेल्या पिठाचा आणि लोण्याचा वास यायचा. तिने एकदा कॉलर हुंगली, एकदा बाही.

"अहो, पुरे झाल्या थापा," ती म्हणाली. "आज तुम्ही भट्टीच्या आसपासही नव्हता. हा खोकी चिकटवायच्या डिंकाचा वास आहे. पॅकिंगला धाडलं ना तुम्हाला? बसायला स्टूल तरी दिलंय का तिथे?"