ओट्यावरचं नेट

मले भांडखोर म्हणा, चालते. वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं झाले मले, अन् मंजुषाबाईच्या टेबलावर चुकीचा कागद ठेवायची कोणाची टाप नाई. पण एवढी हुशार बाई मी, अन् माह्याच हातानं माह्या मायचं दार बंद केलं. तेही सिंदी मेघेच्या घरी पंख्याखाली बसून, मोबाइलवर बोट दाबून.

माय माही, देवकाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. केळझरपासून चार किलोमीटर आत, टेकडीच्या आडोशाले आमची वस्ती हाये, तिथी एकटी राह्यते. दोन वर्षांपासून तिले भूल पडते. मले कधी ओळखते, कधी "या बाई, बसा" म्हणते. वर्ध्याले आणून पायली तं तीन दिवसांत जेवण सोडलं तिनं, म्हणून पुन्हा नेऊन सोडली. प्रमिलाबाई सकाळी येते, तिले न्हाऊ-खाऊ घालते, थर्मास भरून चहा ठेवते अन् नऊ वाजता जाते. मंग संध्याकाळीच येते. मधल्या वेळेसाठी मी कॅमेरा लावला, आतली खाट अन् दारातून ओटा, फाटक दिसन असा. अन् कॅमेऱ्यासाठी नेट घेतलं, कारण वस्तीत मोबाइलचा टॉवर लागतच नाई.

नेट आलं अन् आठ दिवसांत मायच्या ओट्यावर जत्रा भरली. शेजारची चतुराबाई, समोरचा तानबा, अन् त्याइच्या मागं अर्धी वस्ती. वाडीतून भाजी तोडून आणायची, ओट्यावर बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, अन् बांधता बांधता सेलूच्या बाजाराचा भाव पाहायचा, पुण्याच्या पोराशी बोलायचं. पासवर्ड त्याइले मायनंच देला. राउटरखालचा कागद उपटून सरळ चतुराबाईच्या हातात. वरून सगळ्याइले चहा. ओट्यावर बसलेलं माणूस चहा घेतल्याबिगर उठू नाई, हा तिचा जुना नियम. पोटच्या पोरीचं नाव विसरली, पण रोज सहा कप मांडायचे ते नाई विसरली.

मले याचा राग. मी ऑफिसातून माय पाहायले जावं, तं मायच्या जागी नुसतं गोल चक्कर फिरत राहे. एका दिवशी पाऊण तास चित्र अडकलं. माय पायरीवर एक पाय ठेवून उभी, हलतच नाई. माह्या जिवाचं पाणी पाणी झालं. नेट लावून देणाऱ्या स्वप्निलले फोन केला, तं तो म्हणे, "ताई, तुमच्या राउटरवर कॅमेरा सोडून नऊ मोबाइल लागून हायेत. अन् सेटिंगचा पासवर्ड अजून तोच हाये, डब्यातून आला तो. उद्या कोणी घुसलं तं कॅमेऱ्यातून तुमचं घर पाहत बसन."

बस, माह्यं डोकं फिरलं. त्यानं सांगितलं ते ॲप मोबाइलवर घेतलं अन् सेटिंगचा पासवर्ड बदलला. वाय-फायचाही बदलत होती, तं तो म्हणे, "तो बदलला तं कॅमेरा पुन्हा जोडा लागन, त्यासाठी मले तिथी यावं लागन. त्यापेक्षा ज्याले काढायचं त्याले ब्लॉक करा ना." यादीत नावं काय, तं रेडमी, विवो, ओप्पो. कोणता कोणाचा, मले काय मालूम? नऊच्या नऊ ब्लॉक केले. बोट दाबताना असं बरं वाटलं म्हणता! फुकटे लेकाचे, घ्या आता.

दुसऱ्या दिवसापासून चित्र एकदम साफ. माय खाटेवर, माय ओट्यावर, माय दारात. ओट्यावर दुसरं कोणी नाई. मी म्हटलं, पाहा, नेट गेलं तं माणसंही गेले. म्हणजे म्हातारीची माया कोणालेच नव्हती. चार दिवस मी मोठ्या सुखानं नोकरी केली.

पाचव्या दिवशी दुपारी साडेबाराले डबा उघडला अन् सवयीनं मोबाइल पायला. खाट रिकामी. ओटा रिकामा. फाटक सताड उघडं. ओट्यावर सहा कप, ओळीनं, वर बशा झाकलेल्या.

मागचं चित्र काढलं. दहा पन्नासले माय ताट घेऊन बाहेर आली. कप मांडले, चहा ओतला, बशा झाकल्या अन् बसली. गल्लीकडं पाहत राह्यली. किती वेळ पाहत राह्यली वो! मंग उठली, डोक्यावर पदर घेतला अन् फाटकातून निघून गेली. पायात चप्पल नाई. मे महिना, पारा पंचेचाळीसवर, अन् तिले जाऊन तासाच्या वर झालतं.

प्रमिलाबाई सकाळचं आटपून लग्नाले देवळीले गेलती. चतुराबाईले फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तानबाले लावला, बाहेर. सारी वस्तीच बाहेर. मंग दोघाइले व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'माय घरी नाई. कोणी पायली का? लवकर सांगा.' डबा तसाच उघडा टाकला अन् बस स्टँडवर पळाली.

पवनार गेलं तरी मेसेजवर एकच टिक. खिडकीतून नुसती आग येत होती. हे ऊन मले बसमध्ये सोसून नाई राह्यलं अन् माही माय अनवाणी कुठं असन? विहिरी किती तिकडं, बिनकठड्याच्या! "अरे पाहा ना कोणीतरी, मेले का सगळे!" मी मोठ्यानं बोल्ली. कंडक्टर वळून पाहायले लागला. अन् त्याच वेळी माह्या डोक्यात उजेड पडला. मेसेज पोचन कसा? त्याइच्या मोबाइलात नेट येत होतं ते मायच्या राउटरवरून. अन् ते मीच तोडलं होतं.

दुपारी सगळे वाडीतून येऊन घरी पडतात. चतुराबाईच्या माजघरापर्यंत, तानबाच्या दारापर्यंत आमचं नेट पोचते. नऊ मोबाइल सोडले तं मेसेज आपोआप जाईन. मी घाईघाईनं ॲप उघडलं, तं ते म्हणे, पासवर्ड टाका.

पासवर्ड लिहिलेली डायरी ऑफिसच्या ड्रॉवरात. मायचं नाव टाकलं. चूक. मायच्या नावापुढं जन्मसाल टाकलं. चूक. केळझरच्या गणपतीचं नाव टाकलं. चूक. आता दोनच वेळा, मंग अर्धा तास बंद, असं लिहून आलं. हात घामानं ओले, एक अक्षर दाबावं तं दुसरंच दबे. बाप्पा, आजच्या दिवस पाव, पुन्हा कोणाले तोडून नाई बोलणार, असं मी म्हणत होती. मंग आठवलं. त्या दिवशी मी देवाचं नाव कुठं घेत होती? त्या दिवशी माह्या तोंडात एकच शब्द होता, तोच मी पासवर्ड म्हणून टाकला होता. फुकटे. इंग्रजी अक्षरांत, पुढं एक-दोन-तीन.

एकेक अक्षर दाबून तो शब्द लिहिला. ॲप उघडलं. माह्या मायचा जीव त्या शिवीमागं अडकून होता, अन् ती शिवी मीच देलती.

नऊ नावं लाल रंगात. रेडमी, सोडला. विवो, सोडला. नऊच्या नऊ सोडले. सेलूचं स्टँड आलं, गेलं, तरी काई नाई. मंग चतुराबाईच्या मेसेजवर दोन टिक झाल्या. तानबाच्याही झाल्या. मेसेजमधून चतुराबाईचा आवाज आला, "मंजे, आताच पायलं वो. निघालो आमी सगळे. तू रडू नोको."

केळझरवरून ऑटो करून घरी पोचली तं वस्तीत माणूस नाई. घरं उघडीच टाकून सगळे गेलते. ओट्यावर ते सहा कप. एक बशी उचलून पायली, चहावर साय धरली होती अन् कडेनं मुंग्या लागल्या होत्या. मी तिथीच खाली बसली. आपण काय केलं हे मले कोणी सांगायची गरज नव्हती.

वाडीकडून आवाज आला. खाटेवर टाकून आणून राह्यले होते. पुढं तानबा, मागं तीन-चार जण, अन् बाजूनं चतुराबाई ओला दुपट्टा मायच्या डोक्यावर पिळत पळत होती. मायच्या तळपायाची साल निघाली होती. अंग असं तापलेलं की हात ठेववत नव्हता. चतुराबाईच्याच वांग्याच्या वाडीत, बांधावरच्या बोरीखाली सापडली. डोळे मिटून एकच बोलत होती, "चहा थंडा होऊन राह्यला. काऊन येऊन नाई राह्यले तुमी? चहा थंडा होऊन राह्यला."

सेलूच्या दवाखान्यात दोन सलाइन चढले. डॉक्टर म्हणे, अजून अर्धा तास उन्हात राह्यल्या असत्या तं मी काई करू शकलो नसतो. रातभर मी अन् चतुराबाई बाहेरच्या बाकावर. मी म्हटलं, "मावशी, तुमचं नेट मीच बंद केलतं."

"मालूम हाये. स्वप्निल बोल्ला."

"मंग मले काऊन नाई विचारलं? भांडायचं तं असतं!"

"काय विचारू? तुह्यं घर, तुह्यं नेट. दार लावलेल्या घरी आमी जात नसतो, मंजे."

"नेट नव्हतं, पण मायजवळ तं बसता आलं असतं ना?" रडता रडताही मी भांडूनच राह्यली होती.

चतुराबाई म्हणे, "खोटं नाई बोलत. पहिल्यांदा नेटपायीच येत होतो. मंग आदत पडली. ती उठून फाटकाकडं गेली की आमच्यातलं कोणीतरी हात धरून आणून बसवे. आमाले वाटलं, तू कॅमेऱ्यात पाहत असशीन." मी खरंच पाहत होती. पण मले दिसे ते त्याइचे मोबाइल अन् ते गोल चक्कर.

तिसऱ्या दिवशी मायले घरी आणली. मी सुट्टी टाकून तिथीच राह्यली. दुसऱ्या सकाळी माय पायाले पट्ट्या बांधून ओट्यावर बसली, तिच्यापुढं सहा कप मांडले. अकरा वाजले, कोणी नाई. नेट चालू होतं, तरी कोणी नाई. माय गल्लीकडं पाहायले लागली, अन् मंग उठायले लागली.

मी तिले बसवलं. चप्पल नाई घातली, तशीच निघाली. चतुराबाईच्या दारात उभी राह्यली. बावीस वर्षं मी कोणाच्या दारात अशी उभी राह्यली नव्हती. म्हटलं, "मावशी, चहा थंडा होऊन राह्यला. काऊन येऊन नाई राह्यले तुमी?"

चतुराबाईनं हातातला सांबार खाली ठेवला. मले वरपासून खालपर्यंत पायलं. "चाल," म्हणे. मंग तानबाच्या दारी गेली, तिथीही तेच बोल्ली. मंग पुढच्या दारी.

सगळे येऊन बसले. जुड्या निघाल्या, मोबाइल निघाले, बाजाराचा भाव निघाला. मायनं सगळ्याइले कप देले. मी दाराच्या कडेले उभी होती. तिनं माह्याकडं पायलं, घरातून अजून एक कप मागवला अन् माह्यापुढं ठेवला.

"बसा बाई," माय म्हणे. "कोणाच्या व्हय तुमी, मालूम नाई. पण ओट्यावर आलेलं माणूस चहा घेतल्याबिगर जाऊ नाई."

मी बसली. सातवा कप हातात घेतला अन् चहा पिऊन घेतला.