आर्व्हेलाच्या घोट्यावर

मित्रांनो, तळहाताएवढा जीव, स्वस्तातली घडण आणि अंगभर गंज, असे मी एक जुने पिस्तूल आहे. आपली कहाणी सांगावी एवढी माझी थोरवी आहे का, याची मला खात्री नाही. थोर शस्त्रे काचेमागे मांडलेली असतात आणि त्यांच्याविषयी दुसरेच कोणी बोलतात. मी एका बाईच्या पायाला बांधलेला होतो. जे पाहिले ते जमिनीपासून वीतभर उंचीवरून पाहिले. त्यामुळे माझ्या सांगण्यात चेहरे कमी आणि बूट जास्त येतील. तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वरचा भाग पोलादाचा, मूठ प्लास्टिकची. शेजारच्या पट्ट्यावरून नक्षीदार पिस्तुले पुढे सरकत. आमच्या वाट्याला नक्षी नव्हती. आम्ही रोज अंगावर बाळगण्यासाठी होतो. कपड्याआड कोणाला दिसू नये, एवढीच आमच्याकडून अपेक्षा होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी केंटकीच्या डोंगरात, कोळशाच्या मुलखात आलो. डेल्बर्टच्या दुकानात एका भिंतीला मासे धरायचे गळ होते आणि दुसऱ्या भिंतीला आम्ही.

तिथे एका सकाळी आर्व्हेला साइझमोर आली. साठीची, रुंद हाडाची बाई. तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"ते बघू."

"हे घ्याच काकू," डेल्बर्ट म्हणाला. "नाव मोठं नाही, पण दगा देत नाही. कोंबड्यांना कोल्ह्याचा त्रास होतोय का?"

"हो. एकाच कोल्ह्याचा."

"एका कोल्ह्यासाठी रोज अंगावर बाळगणार?"

"कुठं भेटेल ते सांगता येत नाही ना."

डेल्बर्ट हसला. ती हसली नाही.

तो कोल्हा म्हणजे रॉइस. आर्व्हेलाचा एकुलता एक मुलगा डेन्व्हर आणि हा रॉइस लहानपणापासूनचे सोबती. दोघे खाणीत गेले, दोघांच्या पाठी दुखावल्या, दोघांना वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली. एका हिवाळी संध्याकाळी रॉइसच्या गाडीत जास्त गोळ्या घेतल्याने डेन्व्हरचा श्वास अडकू लागला. पोलिसांच्या भीतीने रॉइसने त्याला बंद पडलेल्या धोबीघराबाहेरच्या बाकावर बसवले आणि गाडी घेऊन तो निघून गेला. दवाखाना पुढच्याच वळणावर होता. डेन्व्हर त्याच बाकावर गेला. रॉइसला तुरुंगवास झाला, पण थोडाच. तो सुटून गावात परत आला आणि टायरच्या दुकानात कामाला लागला. आर्व्हेलाने मला विकत घेतले ते त्याच आठवड्यात.

मला रोज बाळगणे सोपे नव्हते. आधी तिने मला कमरेला खोचले. ओव्हनमधून मक्याची भाकरी काढायला वाकली की मी तिच्या पोटात रुतायचो. मग तिने मला पिशवीत ठेवले, आणि एकदा ती पिशवी वाण्याच्या दुकानातल्या ढकलगाडीतच विसरून आली. धावत परत गेली तेव्हा मी कोबीशेजारी तसाच पडून होतो. शेवटी तिने घोट्याला बांधायचा पट्टा आणला. तिच्या चर्चच्या बायका लांब झगे घालतात, त्यामुळे मी कोणाच्या दृष्टीस पडत नसे. पण घाम, धूळ आणि मोज्याचे धागे यांनी माझे नळकांडे भरून जाई. रोज संध्याकाळी ती मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून दात घासायच्या जुन्या ब्रशाने साफ करी आणि तेलाचा थेंब देई. एवढी निगा माझ्या वाट्याला येईल असे मला वाटले नव्हते. शेजारीण विचारी, "आर्व्हेला, लंगडतेस का गं?"

"संधिवात."

"एकाच पायाला?"

"दुसऱ्याला परवडत नाही," ती म्हणे.

सकाळी पट्टा बांधताना ती एकच शब्द उच्चारी, "रॉइस." लोक जेवणाआधी देवाचे नाव घेतात तसा. परसातल्या कुंपणावर ती रिकामे डबे मांडी आणि मी एकेक डबा उडवीत असे. मी त्या माणसाला पाहिलेसुद्धा नव्हते, तरी मला त्याची चीड येऊ लागली. दुसऱ्याचा द्वेष अंगावर इतके दिवस वागवला की तो आपलाच वाटू लागतो. तो माणूस समोर यावा आणि आपण चुकू नये, एवढीच माझी इच्छा उरली.

एकदा तिने मुद्दाम गाडीच्या टायरची हवा सोडली आणि ती त्या दुकानात गेली. मी गाडीच्या दाराआडून पाहिले. झिजलेले बूट, गुडघ्यापर्यंत काळपट झालेली विजार. शेजारच्या बाकावर कोणाचीतरी दोन मुले आइस्क्रीम खात होती. आर्व्हेलाचा हात झग्याच्या काठापर्यंत आला आणि मुलांमुळे थांबला. रॉइसने मान वर केली नाही. चाक बसवले आणि पुटपुटला, "झालं काकू. वळणं निसरडी आहेत. जपून चालवा."

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. "जपून चालवा म्हणतोय! माझं पोर बाकावर टाकून गेलास तेव्हा कशी चालवलीस रे गाडी? जपून?" तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली. "नुसतं मरून चालायचं नाही त्याला. त्याच्या आईसमोर मरायला हवा. मी पाहिलं ना माझं पोर थिजलेलं? मग ऑर्फानंही बघावं."

ऑर्फा ही रॉइसची आई. खाणकामगाराची विधवा, आर्व्हेलाच्याच चर्चची. डेन्व्हर गेल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. रॉइस चर्चमध्ये येत नसे, पण उपासना संपली की आईला न्यायला मात्र यायचा. आर्व्हेलाने ठरवले, चर्चच्या अंगणात, ऑर्फाच्या डोळ्यांदेखत. दिवसही ठरवला. वर्षातून एकदा पाय धुण्याचा रविवार येतो. त्या दिवशी अंगणात जेवण असते, सगळे थांबतात, ऑर्फाही थांबणार. सर्वांना दिसावे, अशी तिची इच्छा होती.

त्या रविवारी अंगणात पुरुष गप्पा मारीत उभे होते. धर्मोपदेशक होबर्ट त्यांच्या कमरेच्या फुगवट्यांकडे बघत म्हणाले, "अरे, देवाच्या घरीसुद्धा हे लावून येता? सैतान आला तर गोळीनं मरणार आहे का?"

"नेम धरला तर मरेल की," एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले. आर्व्हेला त्यांच्यामधून आत गेली आणि खिडकीशेजारच्या बाकावर बसली. तिथून रस्ता दिसत होता.

पाय धुण्याची तिथली रीत अशी. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी असेल त्याने मागच्या बाकावर जाऊन बसावे. त्याला कोणी काही म्हणत नाही. बाकीचे कमरेला लांब टॉवेल बांधतात आणि बाया बायांचे, पुरुष पुरुषांचे पाय धुतात. आणि कोणी टॉवेल बांधून समोर आले तर नाही म्हणायचे नसते. खिडकी हवी म्हणून आर्व्हेला मागे गेली नाही. तेवढे एकच तिचे चुकले. अढी धरून ती पुढच्या बाकावर बसली होती आणि मी तिच्या घोट्यावर होतो.

संथ, लांबवलेल्या सुरातले भजन सुरू झाले. भांडी आली, कोमट पाणी आले. खिडकीबाहेर लक्ष असल्याने आर्व्हेलाला कळलेच नाही. मला मात्र समोर दोन बूट दिसले, टाचेला झिजलेले, पांढरे, दवाखान्यात काम करणाऱ्या बाया घालतात तसले. मग दोन गुडघे फरशीवर टेकले. ती ऑर्फा होती.

"पाय दे, आर्व्हेला."

आर्व्हेला दचकली. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. तिने उजवा पाय पुढे केला. ऑर्फाने बूट काढला, मोजा काढला, ओंजळीने पाणी घातले, टॉवेलने पुसले.

"दुसरा."

"एक पुरे."

"एक कसा पुरेल? असं कुठं असतं?" ऑर्फाने डावा पाय स्वतःच ओढला, बूट काढला, मोज्यासाठी झग्याचा काठ सारला, आणि तिची बोटे माझ्यावर येऊन थांबली.

मला वाटले, आता ही किंचाळणार. ती किंचाळली असती तर पलीकडच्या बाजूचे अर्धे पुरुष कमरेला हात घालून धावले असते. मला त्याचीही तयारी होती. मला तर तेच हवे होते. पण ऑर्फाने झग्याचा काठ माझ्यावर पुन्हा ओढून घेतला आणि मान खालीच ठेवली.

"हे कुणासाठी गं?"

"तुला ठाऊक आहे."

"आज?"

"आज. तुझ्यासमोर."

भजनाची एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली. ऑर्फाची बोटे अजून झग्याच्या काठावर होती.

"डेन्व्हरला तू तसंच पाहिलंस," ती म्हणाली. "म्हणून माझ्यासमोर."

"हो."

ऑर्फाने भांडे जवळ ओढले. माझ्यासकट तो पाय उचलला आणि पाण्यात ठेवला. पाणी माझ्या नळकांड्यात शिरले, मुठीवरून वाहिले. ती घोट्याभोवती, पट्ट्याखाली, माझ्याभोवती हात फिरवीत राहिली. मित्रांनो, एवढ्या पाण्याने माझी गोळी विझत नाही. आर्व्हेलाला हे माहीत होते, आणि बंदुकांच्या घरात वाढलेल्या ऑर्फालाही माहीत होते. मग तिने मला का धुतले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला अजून नीट उत्तर सापडलेले नाही.

पाय पुसून ऑर्फाने कमरेचा टॉवेल सोडला आणि तो आर्व्हेलापुढे धरला. आता आर्व्हेलाची पाळी होती. तीही रीतच. आर्व्हेलाने खिडकीबाहेर पाहिले. रस्ता रिकामा होता. तिने टॉवेल हिसकावून घेतला, करकचून बांधला आणि गुडघे टेकले. ओल्या पट्ट्यातून माझे पाणी फरशीवर ठिबकू लागले.

ऑर्फाचे पाय सुजलेले होते. दवाखान्याच्या चादरी धुता धुता दिवसभर उभे राहणारे पाय. एका बोटाचे नख काळे पडले होते. आर्व्हेलाने राकटपणे उजवा पाय पाण्यात ढकलला.

"मी त्याला माफ केलेलं नाही," ती दात आवळून म्हणाली. "हे पाय धुतले म्हणून माफ केलं असं समजू नकोस."

"मी तरी कुठं केलंय?"

आर्व्हेलाचा हात थांबला.

"रोज वाढते त्याला," ऑर्फा म्हणाली. "खाली बघून जेवतो. मी त्याच्या मानेकडं बघते आणि मनात म्हणते, दवाखाना पुढच्याच वळणावर होता रे. मी तिथंच होते त्या दिवशी. कामावर. आणलं असतंस तर दार मीच उघडलं असतं. हे मी कुणाला सांगू गं?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. दार वाजले. ते झिजलेले बूट पायऱ्या चढून उंबऱ्याशी आले, आणि माझ्या अंगातली प्रत्येक स्प्रिंग ताठ झाली. तो पुन्हा माझ्या टप्प्यात आला होता. आर्व्हेला वाकलेली होती. तिचा हात माझ्यापासून वीतभरही लांब नव्हता. मी वाट पाहत राहिलो.

"आई, आटपलं का?" रॉइस दारातून म्हणाला.

ऑर्फाने त्याच्याकडे पाहिले नाही. ती आर्व्हेलाकडे पाहत होती. उत्तर आर्व्हेलाने दिले, पाठ न वळवता.

"थांब तिथंच. अजून एक पाय राहिलाय."

तिने तो दुसरा पाय पाण्यात घेतला. फार वेळ धुतला. बोटांच्या बेचकीत टॉवेल घालून एकेक बोट पुसले. मग ती उठली आणि ओल्या पावलांचा पचपच आवाज करीत दारात गेली.

"माझ्यासमोर येत जाऊ नकोस," ती रॉइसला म्हणाली. "मी लांबून दिसले तरी रस्ता बदलायचा. मरेपर्यंत."

"हो काकू."

"आणि आईला गाडीत नीट बसव. पाय सुजलेत तिचे."

त्या संध्याकाळी तिने मला पुसले नाही. गोळ्या काढून ठेवल्या, मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि ब्रशाला हात लावला नाही. गंज चढायला फार दिवस लागले नाहीत. आता मी खणात आहे, डबा उघडायची चावी आणि संपलेले सेल यांच्या सोबतीला. रॉइस रस्ता बदलतो. आर्व्हेला सकाळी त्याचे नाव अजूनही घेते, दात आवळूनच. ऑर्फा कधीतरी शेंगांची भाजी घेऊन येते आणि दोघी मुलांचे नाव न काढता जेवतात. माझ्याविषयी विचाराल, तर न झालेल्या त्या आवाजाची हळहळ माझ्या मनातून पुरती गेलेली नाही. खोटे कशाला बोलू?

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेल द्या. मी तसे म्हणणार नाही. मला गंजू द्या. पण मित्रांनो, कोणाच्या कपड्याआड तुम्हाला माझ्यासारख्याचा फुगवटा दिसला, तर हे कितीला घेतले आणि यात गोळ्या किती मावतात असे विचारू नका. ज्याच्या अंगावर तो आहे त्याच्याजवळ बसा, आणि हलक्या आवाजात विचारा की हे कुणासाठी. उत्तर आले, तर लगेच उठून जाऊ नका.