पाय कोरडे आहेत ना

वस्तरा गळ्यावर टेकला तरी फौजीकाका बोलायचे थांबले नाहीत. न्हाव्याने हात आवरला, वाक्य संपायची वाट पाहिली आणि मग हनुवटीखालून वस्तरा हलकेच वर ओढला. एवढ्या वर्षांत त्याच्या ते अंगवळणी पडलं होतं. परराष्ट्र धोरण मार्गी लागल्याशिवाय काकांचा डावा गाल पुढे येत नसे.

आरशाशी पावडरच्या डब्याला टेकवून न्हाव्याचा फोन उभा होता. काकांची मतं तो रोज त्यात टिपायचा आणि दाढी उरकली की सगळ्या जगासाठी टाकून द्यायचा. अर्ध्या तोंडाला फेस, अर्धं तोंड मोकळं, आणि त्या मोकळ्या अर्ध्यातून मोठमोठ्या राष्ट्रप्रमुखांची होणारी बिनपाण्याची हजामत लोकांना भलतीच आवडली होती.

सध्या विषयाला तोटा नव्हता. नदीपलीकडच्या देशाने सीमेवर सैन्य आणून उभं केलं होतं आणि इकडचे मंत्री रोज नवं निवेदन देत होते. काकांनी आधी मंत्र्यांना घेतलं. ज्याने उभ्या जन्मात ओला बूट पायात घालून रात्र काढली नाही, त्याने सीमेबद्दल तोंड उघडू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मग शांतता परिषदेची पाळी आली. तिथे जाणारे जाताना भाषण घेऊन जातात आणि येताना तोफांची ऑर्डर घेऊन येतात, असं त्यांनी सांगितलं. शेवटी बातम्यांच्या चॅनेलवाल्यांना धरलं. कुठली तुकडी कुठे निघाली, हे तेच ओरडून सांगतात, मग शत्रूला हेर पोसायची गरजच काय?

बाकावर पेपर वाचत बसलेले मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण चुका काढायची सवय निवृत्त झाली नव्हती. पेपर खाली न करताच ते म्हणाले, की सैन्य वगैरे काही हललेलं नाही, निवडणूक जवळ आली म्हणून हा सगळा देखावा आहे.

"हललंय," काका म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही वाचतो तोच पेपर तुम्हीही वाचता, काका."

बाकावरचे दोघेजण हसले. न्हावीही हसला, फक्त वस्तरा जपून. काकांचे कान लाल झाले. चाळीतल्या, बाजारातल्या कुणीही काहीही म्हटलेलं त्यांनी खपवून घेतलं असतं, पण सैन्याच्या बाबतीत आपण आणि मास्तर एकाच पेपराचे वाचक, हे त्यांना सोसलं नाही.

"लिहून घ्या," ते आरशाशी उभ्या फोनकडे बघत म्हणाले. "आपली माणसं लोखंडी पुलावर पोचलीत. नदीच्या दुसऱ्या वळणावरच्या. पुलाच्या अलीकडे, जुन्या चुनाभट्टीच्या आडोशाला तंबू असणार. मी सांगतो म्हणजे आहेतच."

मास्तरांनी पेपर खाली केला. दुकान गप्प झालं. ती शांतता काकांना फार गोड लागली आणि त्यांनी ऐटीत डावा गाल पुढे केला.

घरी पोचले तेव्हा सून इस्त्री करत होती. मुलगा फौजेत, सीमेवर, त्यामुळे घरात ही दोघंच. एरवी काका आले की ती चहा टाकायची. आज ती हातातला शर्ट संपवेपर्यंत बोलली नाही. मग इस्त्री उभी करून ठेवली.

"बाबा, तुम्हाला पूल कसा कळला?"

व्हिडिओ तिच्यापर्यंत त्यांच्याआधी पोचला होता.

"अनुभव," काका म्हणाले.

"काल रात्री त्यांचा फोन आला, तेव्हा मी स्पीकर लावला होता. तुम्ही मध्येच हसलात. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालात, काही नाही."

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. काल मुलगा बोलत असताना त्याच्या मागून एक ट्रक गेला होता. आधी एक दणका, मग लांबलचक खडखड, मग लागोपाठ दोन दणके. तो पूल काकांनी झोपेतही ओळखला असता. तरुणपणी एक अख्खा हिवाळा त्यांनी चुनाभट्टीच्या आडोशाला तंबूत राहून त्याच्यावर पहारा दिला होता. आपण जिथे उभे होतो तिथेच आज आपला पोरगा उभा आहे, या आनंदात त्यांना काल किती तरी वेळ झोप लागली नव्हती. त्याच आनंदात ते सकाळी दुकानात गेले होते.

लग्न होऊन आली तेव्हा या मुलीने पहिल्याच फोनवर नवऱ्याला विचारलं होतं, कुठे आहात? काकांनी तिथल्या तिथे तिच्या हातातून फोन काढून घेतला होता. फौजीच्या घरात हा प्रश्न नसतो, हे त्यांनी तिला बजावलं. जेवण झालं का विचार, झोप झाली का विचार, पाय कोरडे आहेत का विचार. ज्याचे पाय कोरडे, त्याचं सगळं ठीक. ती त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, पण त्यानंतर तो प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हेच.

"मी काढायला लावतो," काका म्हणाले आणि चहा न घेताच परत फिरले.

न्हावी खुशीत होता. असा व्हिडिओ आजवर चालला नव्हता म्हणे. काढून टाक म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण मग त्याने काकांच्या तोंडाकडे पाहिलं. फोनवर अंगठा दाबला आणि व्हिडिओ गेला. मग तो हळूच म्हणाला, "काका, माझ्याकडून गेला. पण लोकांनी उतरवून घेतला असेल, तो कसा काढू?"

काका तिथल्या फिरत्या खुर्चीत बसले. समोर आरसा होता. त्यांनी नजर खाली वळवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. नेहमी येतोच असं नव्हतं, हे दोघांनी एकमेकांना एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगितलं नाही. टीव्ही चालू होता. जेवणाची ताटं वाढलेली होती. तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी आली. नदीवरच्या लोखंडी पुलाजवळ तोफांचा मारा, काही जवान जखमी, नावं अजून हाती नाहीत. आणि लगेच, कोणाला काही कळायच्या आत, पडद्यावर फेसाने माखलेला एक चेहरा आला. निवेदिका कौतुकाने सांगत होती, की एका निवृत्त सैनिकाने हे कालच अचूक ओळखलं होतं.

"मी सांगतो म्हणजे आहेतच," पडद्यावरचे काका म्हणाले.

सुनेने टीव्ही बंद केला नाही. ती फक्त उठली आणि नवऱ्याचा इस्त्री केलेला शर्ट कपाटातून काढून पुन्हा घडी घालू लागली. काकांना भीती वाटली. पुलावरच्या त्या हिवाळ्यात वाटली नव्हती एवढी. तोफवाल्यांना आपला व्हिडिओ बघायची काय गरज, त्यांना पूल नकाशावर दिसतच असणार, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. पूल नकाशावर होता. पण चुनाभट्टीआडचे तंबू?

दार वाजलं. मास्तर होते. ते चपला बाहेर काढून आत आले, हात पुढे करत.

"हार मानली, काका. तुमच्यासारखा माणूस आमच्यात बसतो आणि आम्ही थट्टा करतो. साऱ्या देशाने ऐकलं आज."

काकांनी हात पुढे केला नाही. काल सकाळी हेच शब्द ऐकायला त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

"मास्तर, घरी जा."

"अहो, मी मनापासून..."

"माझा मुलगा तिथे आहे."

मास्तरांनी काकांकडे पाहिलं, मग कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सुनेकडे. पुढे केलेला हात त्यांनी खिशात घातला. जाताना त्यांना चपला घालायचंही सुचलं नाही, बाहेर जाऊन त्या हातात घेतल्या आणि तसेच गेले.

"सूनबाई," काका म्हणाले, "मास्तराला गप्प करायला मी माझं पोर वापरलं."

त्यांच्या पुढचं गार झालेलं ताट तिने उचललं, आमटी परत तापवली आणि समोर आणून ठेवलं. ते ताट त्यांना शिव्यांपेक्षा जड गेलं.

पुढची सकाळ दाढीविना गेली. काका टेबलाशी बसून राहिले. टेबलावर फोन होता. टीव्ही त्यांनीच बंद करून ठेवला होता. अधूनमधून सून येऊन फोन चालू आहे ना ते बघायची. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या त्या माणसाला, पाणी हवं का, या प्रश्नाचंही उत्तर सुचत नव्हतं.

दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

अनोळखी नंबर म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. मुलगा कधी कधी दुसऱ्याच्या फोनवरून करायचा. आणि वाईट बातमी द्यायची असली की पलटणीचे साहेबही अनोळखी नंबरवरूनच करतात. काकांचा हात पुढे गेला आणि अर्ध्यात थांबला. सुनेने फोन उचलला. सवयीने तिचं बोट स्पीकरच्या खुणेकडे निघालं.

"स्पीकर नको," काका म्हणाले.

तिने फोन कानाला लावला.

"हॅलो," ती म्हणाली. पलीकडून कोणीतरी काही बोललं. तिने डोळे मिटले.

"अहो," ती म्हणाली.

त्या घरात ती असं एकाच माणसाला म्हणायची.

काका उठले. फोनमधून मुलाचा आवाज पुसट येत होता. शब्द कळत नव्हते, पण त्याच्या मागे आणखीही काही आवाज होते. वारा असेल, इंजिन असेल, पाणी असेल. आणखी दोन पावलं पुढे गेलं असतं तर कळलं असतं. ते दोन पावलं मागे सरले.

"पाय कोरडे आहेत का, तेवढं विचार," ते म्हणाले आणि मागच्या दाराने अंगणात गेले. दार त्यांनी ओढून घेतलं.

अंगणात नळ होता. खाली रिकामी बादली होती. काकांनी नळ पुरता सोडला. पाण्याची धार बादलीच्या तळावर आदळली आणि तिच्या आवाजात बाकी सगळे आवाज बुडाले. तेवढ्याने भागेना म्हणून ते नळाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

खिडकीतून सून दिसत होती. पदराने ती तोंड पुसत होती आणि बोलत होती. मग तिने काहीतरी विचारलं आणि ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिने खिडकीकडे पाहिलं, काका दिसले, आणि तिने होकाराची मान हलवली. एकदा, आणि त्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा एकदा.

काकांनीही मान हलवली. बादली केव्हाच भरून वाहायला लागली होती, पाणी त्यांच्या चपलांमधून बोटांत शिरलं होतं. आत ती अजून बोलत होती. काकांनी नळ बंद केला नाही.